बदकांच्या चित्राला रंग कुणी दिला?

(सोलापुरात बिडीकाम, शिलाई आणि कांड्या भरण्याचं काम करणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)

भिंतीवरचं हे चित्र पाहून मघाशी दोघी-तिघींनी मला विचारलं, "ताई, आज पक्ष्यांवर भाषण आहे का?" थोडं पक्ष्यांवर आहे, पण बरंचसं तुमच्या-माझ्या हातांवर आहे. चित्र सगळ्यांना दिसावं म्हणून मोठं करून छापून आणलंय. मागे बसलेल्या मावशींना दिसत नसेल तर पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

चित्रात दोन रानबदकं आहेत. एक नर, एक मादी. नराचं डोकं गडद तपकिरी, मानेवर पांढरा पट्टा आणि शेपटीला लांब, निमुळती, टोकदार पिसं. या शेपटीमुळेच मराठीत त्याला तलवार बदक म्हणतात. मादी साधी, पिवळट तपकिरी, अंगभर खवल्याखवल्यांची नक्षी. दोघांचा डोळा एका उडत्या किड्यावर आहे. चित्र अमेरिकन माणसाने काढलेलं, लंडनमध्ये छापलेलं आणि जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचं. पण बदक आपल्या ओळखीचं आहे. थंडी पडली की उत्तरेकडून हे बदक आपल्याकडच्या तलावांवर उतरतं. आपला हिप्परग्याचा तलाव, ज्याला कागदोपत्री एकरूख म्हणतात, तो इंग्रजांनी १८७१ मध्ये पुरा केला. पुढे १९८० च्या सुमारास उजनीचं धरण झालं. दुष्काळी जिल्हा म्हणून आपली ओळख, पण माणसाने अडवलेल्या या पाण्यावर हिवाळ्यात परदेशी बदकं गर्दी करतात. तळे हिप्परग्याकडून येणाऱ्या बायकांनी ती पाहिली असतील. नाव विचारायला मात्र सवड झाली नसेल.

चित्र काढणाऱ्याचं नाव जॉन जेम्स ऑडुबॉन. अमेरिकेतला प्रत्येक पक्षी खऱ्या आकारात काढायचा असा त्याने पण केला होता. म्हणून मूळ कागद केवढा, तर सुमारे एक मीटर लांब आणि पाऊण मीटरला थोडा कमी रुंद. १८२७ ते १८३८ या काळात त्याने अशी ४३५ चित्रं छापून घेतली. 'बर्ड्स ऑफ अमेरिका' हे त्या ग्रंथाचं नाव. दोनशेच्या आतच संच झाले आणि आज त्यांतले सव्वाशेच्या आसपास पूर्ण संच उरले आहेत. २०१० साली लंडनच्या लिलावात एक संच ७३ लाख पौंडांना गेला. त्याचे रुपये करायच्या भानगडीत आपण पडू नये.

आता चित्राच्या खाली बघा. अगदी बारीक अक्षरांत दोन ओळी आहेत. डावीकडे लिहिलंय, 'निसर्गावरून काढणार जे. जे. ऑडुबॉन'. उजवीकडे लिहिलंय, 'कोरणार, छापणार आणि रंगवणार आर. हॅवेल'. मला आज या उजवीकडच्या ओळीतल्या तिसऱ्या शब्दाबद्दल बोलायचंय. रंगवणार.

त्या काळी रंगीत छपाई आजच्यासारखी नव्हती. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, पत्र्याला काळी शाई लावायची आणि कागदावर दाबायचं. छापून निघायचं ते काळं-पांढरं चित्र. त्यात रंग भरायचा तो हाताने, पाण्याच्या रंगांनी, कुंचल्याने, एकेका कागदावर. जुन्या चित्रांच्या बाजारात अशा चित्राला 'हाताने रंगवलेलं' म्हणतात आणि त्यामुळे त्याची किंमत वाढते. पण हाताने म्हणजे कुणाच्या हाताने?

हॅवेल हे लंडनमधले कोरीव कामाचे कारागीर. त्यांचा छापखाना होता आणि ते आपल्या कामात फार तरबेज होते, यात शंका नाही. पण जरा हिशेब करा. ४३५ चित्रं, दोनशेच्या आत संच, म्हणजे सत्तर-ऐंशी हजार कागद. एकेका कागदावर किती पिसं, किती पानं, किती छटा. एकट्या माणसाने हे रंगवायचं म्हटलं तर त्याला दोन-चार जन्म घ्यावे लागतील. हॅवेल यांच्याकडे रंग भरायला पन्नासच्या आसपास माणसं होती. नमुन्याचं एक चित्र समोर ठेवलेलं असायचं. या धंद्यात एकीने तपकिरी भरायचा, कागद पुढे सरकवायचा, दुसरीने पिवळा, तिसरीने डोळ्यातला ठिपका, अशी कामाची वाटणी असायची. 'एकीने' असं मी मुद्दाम म्हणते आहे. त्या काळी लंडनमध्ये छापील चित्रं रंगवण्याचं काम बायका आणि लहान मुलं मोठ्या प्रमाणावर करत होती. कुणी कारखान्यात बसून, कुणी कागद घरी नेऊन. मजुरी नगावर. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, आणि त्या काळच्या काही हिरव्या रंगांत सोमल असायचा.

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू दिसतंय. कारखान्यातून पानं, तंबाखू, दोरा मोजून आणायचा. पानं भिजत घालायची. पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायची. वळायची, दोरा बांधायचा, तोंड मोडायचं. हजारावर मजुरी. आणि संध्याकाळी चेकरपुढे उभं राहायचं. तो सुपातल्या बिड्या चाळवणार, ही ढिली आहे, ही आखूड आहे, म्हणत छाट काढणार. कट्ट्यावर लेबल कुणाचं? मालकाचं. 'वळणार अमुक अक्का' असं लेबल पूर्व भागातल्या कुठल्या दुकानात कुणी पाहिलंय का?

बिडी आणि चित्र यांची बरोबरी कशी होईल, असं कुणी म्हणेल. बिडी ओढून माणूस मरतो, चित्र लोक शंभर वर्षं जपतात. खरंय. बिडी वळणारीची छातीसुद्धा त्या तंबाखूने खराब होते, त्याबद्दल आपण स्वतंत्र बैठक घेणारच आहोत. माझा मुद्दा मालाचा नाही, कामाच्या रीतीचा आहे. शे-दोनशे वर्षं आणि हजारो मैल मध्ये आहेत, तरी काम घरी पाठवायचं, नगावर मोजायचं, नापसंत माल बाजूला काढायचा आणि वर एकाच माणसाचं नाव घालायचं, ही रीत तीच आहे.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडेल. ऑडुबॉनचं काम सुरुवातीला लंडनमध्ये नव्हतंच. १८२६ च्या शेवटी ते एडिंबर्गला लिझार्स नावाच्या कारागिराकडे सुरू झालं. पहिली दहा चित्रं तिथे कोरून झाली आणि १८२७ मध्ये तिथल्या रंग भरणाऱ्या कामगारांनी संप केला! चित्र तयार, छापखाना तयार, गिऱ्हाईकं पैसे द्यायला तयार, आणि सगळं अडलं कुणामुळे, तर ज्यांचं नाव खालच्या ओळीत कधीच येणार नव्हतं त्यांच्यामुळे. ऑडुबॉनने काय केलं? काम उचललं आणि लंडनला हॅवेलकडे नेलं. त्याच्या बहुतेक चरित्रांत हा संप एखाद्या वाक्यात येतो, थोर माणसाच्या वाटेतला अडथळा म्हणून. संप करणाऱ्यांच्या घरी त्या महिन्यात चूल कशी पेटली, हा विषय चरित्राचा नसतो. 'जास्त बोललात तर कारखाना शेजारच्या राज्यात नेऊ', हे वाक्य आपण सोलापुरात किती वेळा ऐकलं आहे!

बरं, हा ऑडुबॉन रानोमाळ हिंडून पक्षी काढत होता तेव्हा त्याचं घर कोण चालवत होतं? त्याची बायको लूसी. धंद्यात त्याचं दिवाळं निघालं होतं. लूसीने लुइझियानात शिक्षिकेचं काम करून मुलं वाढवली आणि तिच्या शिलकीतले पैसेही १८२६ च्या त्याच्या इंग्लंडच्या प्रवासाला लागले. आणखी एक बाई होती, चार्ल्स्टनची मारिया मार्टिन. चित्रातल्या पक्ष्याखालची फांदी, फुलं, पानं, फुलपाखरं यांतली कितीतरी तिच्या हातची आहेत. ही मारिया बहिणीच्या घरी राहायची, आजारी बहिणीची सेवा, तिच्या मुलांचं सगळं आणि घरकाम करून उरलेल्या वेळात चित्रं काढायची. बहीण गेल्यावर १८४८ मध्ये तिचं लग्न त्याच घरात, मेहुण्याशी झालं. धाकटी बहीण थोरलीच्या जागी जाण्याची ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ऑडुबॉनने कृतज्ञतेपोटी एका सुतारपक्ष्याला मारियाचं नाव दिलं. पुढे असं ठरलं की तो वेगळा पक्षीच नव्हता, आधीपासून माहीत असलेल्याच जातीचा होता. म्हणजे नाव दिलं तेही टिकलं नाही.

आणि एवढ्यावर थांबू नये. ऑडुबॉन नवरा-बायकोंनी गुलाम माणसं विकत घेतली होती आणि विकलीही होती. बाईचं कष्ट दिसत नाहीत असं आपण म्हणतो, तेव्हा त्या बाईच्या घरात राबणारी आणखी कुणी आहे का, हेही विचारायला हवं. अमेरिकेतल्या काही पक्षीमित्र संस्थांनी अलीकडे, २०२३ च्या आसपास, आपल्या नावातून ऑडुबॉनचं नाव काढलं. मोठ्या राष्ट्रीय संस्थेने ठेवलं. वाद चालू आहे.

आता जरा आपल्या देशाकडे येऊ. लंडनमध्येच १८३० ते १८३२ या काळात हिमालयातल्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ निघाला. हिमालयातून पक्ष्यांची कातडी पेंढा भरायला लंडनला गेली होती. तिथल्या प्राणिशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात पेंढा भरणारा जॉन गोल्ड म्हणून एक हुशार माणूस होता. त्याने ठरवलं की यांचं सचित्र पुस्तक काढायचं. त्याला चित्रं छापायच्या दगडावर उतरवता येत नव्हती. म्हणून ते काम शिकली त्याची बायको, एलिझाबेथ. १८२९ मध्ये लग्न झालेलं, लगेच गरोदरपणं सुरू झालेली. त्या ग्रंथातली सगळी ८० चित्रं तिने दगडावर काढली आणि ती छापून पुन्हा हाताने रंगवली गेली. तिथे खाली 'ई. गोल्ड' असं तिचं नाव आहे, हे कबूल करायला हवं. पण ग्रंथकार म्हणून मुखपृष्ठावर नाव जॉनचं. पुढच्या पुस्तकांतल्या चित्रांखाली 'जे. आणि ई. गोल्ड' असं जोडनाव येऊ लागलं. जॉन कच्चं रेखाटन करायचा, एलिझाबेथ ते पुरं करून दगडावर उतरवायची.

बारा वर्षांच्या संसारात या बाईने सहाशेहून अधिक चित्रं केली. १८३८ मध्ये नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली, ती तीन लहान मुलांना आईकडे ठेवून. परत आल्यावर १८४१ मध्ये आठव्या बाळंतपणानंतर तापाने गेली. वय ३७. हिमालयातल्या एका लालभडक शिंजीर पक्ष्याला तिचं नाव दिलेलं आहे. इंग्रजीत त्याला 'मिसेस गोल्ड्स सनबर्ड' म्हणतात. बघा, सन्मान झाला तोही सौभाग्यवती गोल्ड म्हणून! एलिझाबेथ कुठे गेली? आपल्या रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेवर जे होतं तेच इथे पाखराच्या नावात झालं.

कलकत्त्याचं उदाहरण मात्र थोडं वेगळं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १७७७ ते १७८२ या काळात कलकत्त्याला सर न्यायाधीश इम्पी यांची बायको मेरी इम्पी हिने आपल्या बागेत पशुपक्षी पाळले आणि त्यांची चित्रं काढायला पाटण्याचे तीन चित्रकार ठेवले. शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. ही चित्रं छापलेली नव्हेत, सगळी हातानेच काढलेली. आणि चित्रांवर चित्रकारांची नावं लिहिलेली आहेत. इंग्रज मालकीणबाई, हिंदी कारागीर, म्हणजे तिथे समता नांदत होती असं मी म्हणणार नाही. संग्रह 'लेडी इम्पींचा' म्हणूनच ओळखला गेला. पण नाव कागदावर लिहिलेलं होतं, म्हणून २०१९-२० मध्ये लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये अशा हिंदी चित्रकारांचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा झैनुद्दीन कोण, भवानी दास कोण, हे सांगता आलं. हॅवेलकडच्या पन्नास जणांचं असं प्रदर्शन भरवायचं म्हटलं तर कुणाच्या नावाने भरवणार?

भवानी दास यांनी काढलेलं एक बदकाचं चित्र आहे. गुलाबी डोक्याचं बदक. गंगेच्या खोऱ्यातल्या पाणथळ गवतात राहणारं, डोकं आणि मान गुलाबी, बाकी अंग गडद तपकिरी. शिकार झाली, दलदली गेल्या, आणि १९५० नंतर ते खात्रीने कुणी पाहिल्याची नोंद नाही. पक्षी गेला, चित्रकार गेला, मालकीणबाई गेली. चित्रावरच्या दोन शब्दांमुळे त्या तिघांचा एकमेकांशी काय संबंध होता ते आज सांगता येतं.

मग हाताचा जमाना गेला आणि यंत्राने रंग छापायला सुरुवात झाली. आपल्या देशातल्या बदकांची रंगीत चित्रं असलेला मोठा ग्रंथ कलकत्त्याहून १८७९ ते १८८१ या काळात निघाला, तो ॲलन ह्यूम आणि मार्शल यांचा. हो, हेच ते ह्यूम, १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन करणारे. त्यातली चित्रं यंत्रावर रंगीत छापलेली होती आणि त्यांतल्या काही चित्रांबद्दल ह्यूम यांनी स्वतःच त्याच ग्रंथात नाराजी नोंदवली. रंग भरणाऱ्या हातांचं काम मात्र हळूहळू गेलं. हातमागावरून यंत्रमागावर आलेल्या शहराला हे वेगळं सांगायला नको. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे सोलापूर हे नाव दुसऱ्या कुणाला त्यावर लावता येत नाही. शहराच्या नावाला कायद्याचं संरक्षण आलं, चांगलं झालं. घरातल्या घरात कांड्या भरणाऱ्या सुनेचं आणि मुलीचं काम मात्र अजून 'घरकामातच' धरलं जातं.

आता पुन्हा या चित्राकडे, म्हणजे खुद्द बदकांकडे बघू. अशी चित्रं चाळली की एक गोष्ट खटकते. बहुतेकदा नर पुढे, मादी मागे किंवा अर्धी झाकलेली. नर रंगीत म्हणून तो दाखवायचा. मादी काय, मळकट. प्रत्यक्षात या तलवार बदकाची मादी एकटी अंडी उबवते, नर त्या सुमारास निघून जातो. जमिनीवरच्या घरट्यात ती बसलेली असताना लांडग्या-कोल्ह्याला दिसू नये म्हणून तिचा तो मळकट रंग आहे. म्हणजे तो रंग तिच्या कामाचा रंग आहे. आणि आणखी गंमत सांगते. विणीचा हंगाम संपला की नराची ती भरजरी पिसंही गळतात आणि काही काळ तो जवळजवळ मादीसारखाच दिसतो. ते रूप चित्रात क्वचितच काढतात! मी कधी कुंचला धरलेला नाही, पण मला वाटतं, नराचं पांढरं पोट रंगवण्यापेक्षा मादीच्या अंगावरची ती हजार खवली रंगवायला जास्त वेळ लागत असणार. मजुरी तर नगावरच.

सगळीच बदकं अशी नसतात. आपल्याकडे बारा महिने राहणारं एक बदक आहे. चोच काळी, चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी कपाळाजवळ कुंकवासारखे लाल ठिपके. मराठीत त्याचं नाव हळदी-कुंकू बदक. नर-मादी दिसायला जवळजवळ सारखे. हळद दोघांना, कुंकू दोघांना. उलट नराचंच कुंकू जरा ठळक असतं. जोडीदार मेला म्हणून कुणी कुणाचं पुसत नाही. आपल्याकडे विधवेचं कुंकू पुसू नये म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाला २०२२ मध्ये ग्रामपंचायतीचा ठराव करावा लागला, तो करून त्या गावाने मोठं काम केलं. बदकांना ठराव लागला नाही.

ही नावं आपल्याला सहज मिळाली असं समजू नका. आपल्या सोलापुरात १९३२ मध्ये जन्मलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत उभा जन्म रानात काढला आणि पक्ष्यांची मराठी नावं गोळा करून 'पक्षिकोश' केला. २००६ मध्ये सोलापुरात साहित्य संमेलन भरलं त्याचे तेच अध्यक्ष होते, आणि २०२५ मध्ये सोलापुरातच ते गेले. त्यांची मला भावणारी गोष्ट ही, की रानातल्या माणसांकडून आपण शिकलो, हे ते स्वतः सांगत. चकवा, थापट्या, अडई, नाकेर ही बदकांची नावं कुणा एका पंडिताने टेबलाशी बसून पाडलेली नाहीत. पाण्यावर काम करणाऱ्या माणसांच्या तोंडात ती होती. त्यांत बायका असणारच, पाणी भरायला, धुणं धुवायला, मासळी विकायला तिथे बायकाच तर असतात.

इथे एखादी म्हणेल, नावाचं एवढं काय घेऊन बसलात? नावाने पोट भरतं का? मैत्रिणींनो, भरतं. नाव म्हणजे भिंतीवरची पाटी एवढंच मी म्हणत नाहीये. १९६६ सालच्या बिडी कामगार कायद्याने घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. मालक कोर्टात गेले. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला. मग प्रॉव्हिडंट फंडाचा प्रश्न आला. मालकांचं म्हणणं, बाई तिच्या घरात बसते, कधीही काम करते, आमची तिच्यावर देखरेख नाही, मग ती आमची कामगार कशी? १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर जे सांगितलं ते तुम्ही पाठ करून ठेवावं असं आहे. कोर्टाने असा निर्णय दिला की माल नापसंत करून परत करायचा हक्क तुमच्याकडे आहे ना, मग तीच तुमची देखरेख. म्हणजे ज्या छाटीने आपल्याला इतकी वर्षं रडवलं, तीच छाट कोर्टात आपल्या बाजूने उभी राहिली. जो छाट काढतो तो मालक, आणि जिची छाट निघते ती कामगार.

लंडनच्या त्या रंगवणाऱ्या बायकांचाही खराब झालेला कागद कुणीतरी बाजूला काढतच असणार. पण त्यांच्या नावाचं कार्ड नव्हतं. तुमच्या नावाचं कार्ड आहे, आणि ते कार्ड असलं तर पुढचं सगळं मागता येतं. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ मध्ये ज्यांना घरं मिळाली ती बिडी कामगार म्हणून मिळाली. पीएफ, पेन्शन, दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, सगळ्याचं मूळ त्या कार्डात आणि लॉगबुकात.

आता आपल्याच घरातली गोष्ट बोलू. एका घरात सासू, दोन सुना आणि शाळेतून आलेली मुलगी अशा चौघी बिड्या वळतात. कार्ड एकच, सासूच्या नावाचं. कारखान्यात माल जातो तो सासूच्या नावावर. एक सून वीस वर्षं वळते आहे, कागदावर तिने एकही बिडी वळलेली नाही. उद्या सासू गेली किंवा सुनेला घराबाहेर काढलं तर ती कोणत्या तोंडाने म्हणणार की मी बिडी कामगार आहे? मालकाला हे सोयीचंच आहे, एका कार्डाच्या जबाबदारीत चार बायकांचं काम मिळतं. पण सासूबाईंनो, रागावू नका, चित्राखालच्या त्या ओळीत आणि आपल्या घरातल्या या कार्डात फार फरक आहे असं मला वाटत नाही. हॅवेल यांनीही काही कुणाला फसवायचं म्हणून 'रंगवणार हॅवेल' असं कोरलं नसेल. छापखाना त्यांचा, नाव त्यांचं, त्या काळची रीतच ती. तुम्हीही चाळीस वर्षं बोटं झिजवली, तुमचं कार्ड तुम्ही संपावर जाऊन मिळवलं, ते तुमचंच राहायला हवं. पण सुनेचं वेगळं व्हायला हवं. नुकतेच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, जुने कामगार कायदे जाऊन त्यांच्या जागी चार नव्या संहिता लागू झाल्या आहेत आणि १९६६ चा कायदाही त्यातच गेला. असा बदल होतो तेव्हा ज्यांचं नाव आधीपासून कागदावर असतं त्यांना निदान भांडता येतं. ज्यांचं नाव नाही त्यांच्यावर आधी आपण इथे होतो हे सिद्ध करायची वेळ येते. पुढचं वर्षभर हे काम आपण नेटाने करायला हवं, असं मी आग्रहाने सांगते.

म्हणून आज चहा झाल्यावर प्रत्येकीने पलीकडच्या टेबलावर जायचं आहे. तिथे दोघीजणी वही घेऊन बसल्या आहेत. आपल्या घरात बिडी वळणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या, काजं-बटणं करणाऱ्या जेवढ्या बायका आहेत त्या सगळ्यांची नावं, वय, किती वर्षं काम करतात, आणि कार्ड कुणाकुणाच्या नावावर आहे, हे लिहून द्यायचं. 'अमक्याची बायको' असं सांगू नका, बाईचं स्वतःचं नाव सांगा. लिहिता येत नसेल तर त्या लिहितील. पुढच्या बैठकीला कार्ड, लॉगबुक आणि आधारची झेरॉक्स आणा. आणि ज्यांना तलवार बदक प्रत्यक्ष बघायचंय त्यांनीही तिथेच नाव द्या. डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे हिप्परग्याला जाऊ, रिक्षाचं भाडं वर्गणीतून काढू. मुलींना बरोबर घ्या, आणि दुर्बीण एकच आहे, तेव्हा रांग लावावी लागेल.